सोमवारी मावशी येतायत, पण त्यांच्या पिशवीला घरात जागा आहे का?

पत्र असं आलंय (थोडं कापून देतेय):

"ताई, मी ४८ वर्षांची, ठाण्याला असते. आईबाबा डोंबिवलीला, वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट आहे. बाबा ८१, रेल्वेतून रिटायर. महिन्यापूर्वी बाथरूममधे पडले, खुबा मोडला, ऑपरेशन करून बॉल बदललाय. वॉकरवर चार पावलं टाकतात पण एकटं उठता येत नाही. मी रजा टाकून इथेच होते, आता रजा संपली. सोमवारपासून बाबांना सांभाळायला ब्युरोच्या २४ तासाच्या मावशी येतायत आणि आज बुधवार. आई (७६) ब्युरोवाल्याला फोनवर 'आपल्यातली मिळेल का' विचारते, स्वयंपाकघरात परकी बाई नको म्हणते. बाबा म्हणतात बाईच्या हातून अंघोळ करणार नाही. भाऊ न्यू जर्सीला, तो म्हणतो सगळीकडे कॅमेरे लाव. आणि मावशी झोपणार कुठे हेच मला सुचत नाहीये. चार दिवसांत घर कसं तयार करू? मला अगंतुगंच करा. – डोंबिवलीची लेक"

अगं लेकी,

तुझ्या पत्रात शेवटाकडे आलेला, मावशी झोपणार कुठे हा प्रश्न मी पहिला घेते, कारण माझं नेमकं तिथंच चुकलं होतं.

माझे सासरे अर्धांगवायूने झोपून होते तेव्हा मी घर अगदी हॉस्पिटलसारखं सजवलं होतं. बेड आणला, एअर मॅट्रेस आणली, औषधांचा चार्ट भिंतीवर, सगळं झकास. मावशी आल्या, परभणीकडच्या होत्या, हातात एक कापडी पिशवी. ती पिशवी त्या दारातच धरून उभ्या राहिल्या आणि मी म्हटलं ठेवा ना कुठंही, आता कुठंही म्हणजे कुठे, त्यांनी बेडखाली ठेवली, मग मी झाडायला लागले की पुढे ओढायच्या, परत मागे ढकलायच्या. रात्री मी त्यांना सतरंजी दिली आणि बेडच्या आणि कपाटाच्या मधल्या पट्ट्यात झोपा म्हटलं, तिथं कूसही बदलता येत नव्हती. ओली साडी वाळत घालायला जागा नाही. चहा मी वेगळ्या कपात द्यायचे, कान तुटलेला होता त्याचा, आणि खरं सांगते तेव्हा मला त्यात काही वाटलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या गावाला जायचंय, भाऊ आजारी आहे. मी आठवडाभर ब्युरोला शिव्या घालत होते. भाऊबिऊ कुणी आजारी नव्हतं हे मला पुष्कळ नंतर कळलं.

म्हणून आधी हे कर. भिंतीत दोन खिळे किंवा एक हुक, पिशवीला. कपाटातला एक कप्पा रिकामा, नाहीतर एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्याला कुलूप लागत असेल तर उत्तम, त्यात त्यांचा मोबाइल, पैसे, कपडे. फोन चार्ज करायला एक प्लग जो आईच्या मिक्सरचा नाही. बाल्कनीत दोरीचा एक पदर त्यांचा. बाथरूममधे साबण आणि टॉवेल वेगळा, तो वेगळा हवाच, कप नको. कप घरातलाच.

आता झोपायचं. तुमच्या बेडरूममधे आत्ता आईबाबांचा डबल बेड असणार, बॉक्सचा, खाली सगळ्या जगाचं सामान. तो बाबांना आता उपयोगाचा नाही, कारण तो बहुतेक बुटका असतो आणि एका बाजूने भिंतीला चिकटलेला, त्यामुळे मावशींना बाबांना उठवायचं तर एकाच बाजूने ओढावं लागतं आणि त्यांच्या कमरेची वाट लागते. बाबांना सिंगल कॉट हवा, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील असा, डोकं भिंतीकडे. भाड्याने मिळतो, हॅण्डल फिरवून पाठ वर होणारा. सर्जिकलच्या दुकानात विचारण्याआधी आजूबाजूला कुठलं मंडळ किंवा ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य देतं का ते विचार, डिपॉझिट घेऊन अगदी थोड्या भाड्यात कॉट, वॉकर, कमोड चेअर देणारी मंडळं आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत, आणि डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिक संघातल्या कुणाही काकांना विचारलंस तर ते पाच मिनिटांत पत्ता सांगतील. उंचीचं लक्षात ठेव, बाबा कडेला बसले की तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. बॉल बदललेल्या माणसाला सुरुवातीला खोल सोफ्यात बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं साधारण मना असतं. तुमच्या सर्जननी काय काय बंद सांगितलंय ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घे, कारण मावशी प्रेमाने म्हणतील बसा आजोबा इथं सोफ्यावर, आणि मग उठवणार कोण.

पण मग आई कुठे झोपणार? याचा विचार कुणी करत नाही बघ. पन्नासेक वर्षं एका खोलीत झोपलेली बाई, तिला तू हॉलमधे पाठवलंस आणि तिच्या जागी मावशीला झोपवलंस तर ती मावशीला दोन दिवस टिकू देणार नाही आणि मी आईच्या जागी असते तर मीही दिलं नसतं. माझं ऐकशील तर डबल बेड खोलून तुझ्याकडे नाहीतर कुणाच्या गाळ्यात टाक, हॉलमधला दिवाण आईसाठी बेडरूममधे घे, बाबांचा कॉट आणि आईचा दिवाण, मधे वॉकर जाईल एवढी जागा, निदान तीन फूट. मावशी हॉलमधे फोल्डिंगच्या कॉटवर, पंख्याखाली. आणि रात्री बाबांनी हाक मारली तर कळणार कसं, त्यासाठी वायरलेस डोअरबेल मिळते ना साधी, तिचं बटण बाबांच्या कॉटच्या दांड्याला बांधायचं आणि घंटा मावशींच्या उशाशी. आमच्याकडे सासऱ्यांनी पहिल्या रात्री अकरा वेळा वाजवली, नुसती चालते का बघायला. नंतर कमी झालं.

मेजरटेप आजच घे हातात. वॉकरची रुंदी मोज आणि मग संडास-बाथरूमच्या दाराची मोज. जुन्या बिल्डिंगमधे ही दारं इतकी अरुंद असतात की वॉकर सरळ जातच नाही, मग लोक तो तिरका करतात, आणि पडतात ते तिथं. जात नसेल तर चाकाची कमोड चेअर खोलीतच, चाकांना ब्रेक असलेली, आणि बाथरूमला फक्त अंघोळीपुरतं जायचं. बाथरूमचा जो कडाप्प्याचा उंबरा असतो तो फोडायला आता वेळ नाही, त्याच्यावर पिवळी टेप चिकटव म्हणजे निदान दिसेल. पाट बंद, अंघोळीला प्लास्टिकची हाताची खुर्ची, पायाला रबरी बूच असलेली. कमोडशेजारी स्टीलचा दांडा बसवून घे, साधारण पावणेतीन ते तीन फुटांवर, भिंतीत नीट ड्रिल करून. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, आधार घेतला की तो हातात येतो. आणि ते रबरी वाट्यांचे चिकटवायचे दांडे मिळतात ऑनलाइन, ते घेऊ नकोस. पायपुसणी सगळी उचल, अगदी आईने विणलेलं असलं तरी. कॉटपासून बाथरूमपर्यंत रात्रभर एक झिरोचा दिवा.

आता बाबांच्या अंघोळीचं. ते नाही म्हणतात यात त्यांचं काही चूक नाही गं. ८१ वर्षांचा माणूस, आयुष्यभर स्वतःचं स्वतः केलेलं, आणि अचानक एक अनोळखी बाई म्हणते आजोबा पायजमा काढा. ब्युरोकडे पुरुष पण असतात, कुणी ब्रदर म्हणतं कुणी मामा म्हणतं, पण २४ तासाला वन बीएचकेमधे आईला ते अवघड जाईल. त्यामुळे ब्युरोला विचार की सकाळी तासाभरासाठी मामा मिळतील का, अंघोळ, दाढी, कपडे, आणि बाकी दिवस मावशी. दोन माणसांचे पैसे होतात, मान्य. पण बरेचदा पंधरा दिवसांत बाबाच म्हणतात राहू दे तो, मावशी करतात नीट. तोपर्यंत बटणवाले सदरे, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा किंवा लुंगी, आणि अंग पुसताना वरून टाकायला एक मोठी चादर. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, आणि जिथं बाबांचा स्वतःचा हात पोचतो तिथं त्यांनीच. हे मावशींना तू सांग, बाबांसमोर नको, स्वयंपाकघरात.

आणि बाबांना एक काम दे. रेल्वेतला माणूस ना, मस्टर सही केल्याशिवाय दिवस सुरू झाला नसेल कधी. शंभर पानी वही आण, रोज एक पान, किती वाजता काय खाल्लं, औषध घेतलं, लघवी, शौच, बीपी, किती पावलं चालले, दुखलं का. मावशींना लिहिता येत असेल तर त्या लिहितील, नसेल तर सांगतील, पण पानाच्या खाली संध्याकाळी सही बाबांची. त्यांची सही झाल्याशिवाय पान पूर्ण नाही. म्हणजे निदान वहीच्या बाबतीत तरी ते पेशंट नाहीत, साहेब आहेत. वहीच्या पहिल्या पानावर फोन नंबर मोठे लिही, तुझा, सर्जनचा, फॅमिली डॉक्टरचा, शेजाऱ्यांचा, ॲम्ब्युलन्सचा १०८, इमर्जन्सीचा ११२, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, ही फुकट असते. घराचा पूर्ण पत्ता पण लिही, विंग आणि जवळच्या खुणेसकट, कारण मावशी त्या भागातल्या नसतील आणि घाईत फोनवर बिल्डिंगचं नाव आठवत नाही. त्याच्याखाली कधी लगेच फोन करायचा ते: ऑपरेशनचा पाय अचानक आखूड किंवा वाकडा वाटला, पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, जखमेतून पाणी यायला लागलं, बाबा एकदम असंबद्ध बोलायला लागले.

औषधांचं दर रविवारी तू ठाण्याहून येशील तेव्हा सात दिवसांच्या डबीत भरून जा, मावशींनी डबीतलं द्यायचं, पाकिटातलं काढायचं नाही. इंजेक्शन असेल तर त्याला नर्स बोलाव. यात लोक नेहमी गोंधळ करतात, ब्युरोची मावशी म्हणजे सिस्टर नव्हे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या सिस्टरचा कोर्स ३ वर्षांचा, एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा २ वर्षांचा, आणि मावशी बहुतेक वेळा काम करत करत शिकलेल्या असतात, उचलणं, पुसणं, भरवणं यात त्या आपल्याला विकत घेतील पण इंजेक्शन, कॅथेटर बदलणं, ड्रेसिंग हे त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही, आणि त्या हो म्हणाल्या तरी नाही.

ता. क. म्हणून लिहिणार होते पण इथंच सांगते, बाबा बराच वेळ पडून असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि टाचा बघायच्या रोज, ऑपरेशनच्या पायाची टाच विशेष. लाल डाग दिसला आणि दाबून पण पांढरा होत नसेल तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. कॉटवर मेणकापड, त्याच्यावर सुती चादर, आणि मधे एक आडवी घडीची चादर जिला धरून दोघांनी सरकवता येतं. आईची जुनी सुती नऊवारी असेल तर तिच्यासारखं काही नाही या कामाला, पण आधी आईला विचार.

बरं, आई. "आपल्यातली मिळेल का" हे तिने विचारलं आणि तू मला ते लिहिलंस, म्हणजे तुलाही ते टोचलंय. मी गोड बोलणार नाही. जी बाई तुझ्या बाबांचं डायपर बदलणार तिची जात विचारायची आणि मग तिचा कप वेगळा ठेवायचा, हे चालणार नाही असं आईला तूच सांगायला हवंस, भावाने न्यू जर्सीहून नाही, आणि मावशी यायच्या आधी सांगायला हवंस, त्यांच्यासमोर नाही. भांडण होईल. होऊ दे, बुधवारी झालेलं बरं, रविवारपर्यंत निवळतं.

पण आईचं सगळंच चूक नाहीये हां. स्वयंपाकघर हे तिचं ऑफिस आहे, तिथं कुणीतरी येऊन डबे इकडचे तिकडे केले की डोकं फिरणारच. तर जागा वाटून दे. देवघर, लोणच्याची बरणी, आईचा मिसळणाचा डबा, जे काही असेल ते तिचं, त्याला हात लावायचा नाही, हे मावशींना आईनेच हसून सांगावं, त्यांना त्यात काही वाटत नाही, प्रत्येक घरात असतं. आणि एक खण बाबांचा, त्यात बाबांचं ताट, वाटी, फुलपात्र, प्रोटीन पावडर, मऊ भाताचा छोटा कुकर, तो मावशींच्या ताब्यात. गॅसचा खालचा नॉब कसा बंद करतात, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, पिंप कुठलं प्यायचं, कचरेवाला कधी येतो, डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत त्याला द्यायचं, दूधवाल्याला दार कोण उघडतं, हे पहिल्या दिवशी आईबरोबर फिरून दाखवू दे. दाखवणारी आई असली की मालकीण पण आईच राहते.

मावशींनी काय करायचं आणि काय नाही हे ब्युरोबरोबर फोनवर नको, कागदावर ठरव. बाबांचं सगळं त्यांचं: खोली, कपडे, भांडी, खाणं गरम करून देणं, चालवणं, फिजिओने सांगितलेले व्यायाम. घरभर झाडूपोछा, पाहुण्यांची भांडी, आईच्या साड्यांना इस्त्री हे त्यांचं नाही. सुरुवातीला आई म्हणेल बसूनच तर आहे. बसलेली नाहीये, बाबा झोपलेत म्हणून थांबलीय. आणि २४ तास म्हणजे २४ तास जागं नव्हे. रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर दुपारी दोन तास त्यांना झोप मिळालीच पाहिजे, तेवढा वेळ आई बाबांजवळ बसेल, नाहीतर शेजारच्या कुणाला तरी सांग. महिन्यातल्या सुट्ट्या किती, त्या दिवशी बदली कोण, पगार ब्युरोला किती जातो आणि त्यांच्या हातात किती पडतो हे पण विचार, विचारायला लाजू नकोस. जेवण घरातलंच, पण विचारायचं की भाकरी लागते का, आमच्या दुसऱ्या मावशींना पोळीने पोटच भरायचं नाही, चौथ्या दिवशी मी ज्वारीचं पीठ आणलं आणि मग त्या स्वतःच थापायला लागल्या, माझ्या नवऱ्याला पण दोन जास्त.

भावाचे कॅमेरे. बेडरूममधे नाही, तिथं बाबांचे कपडे बदलतात. बाथरूमचा तर प्रश्नच नाही. उरला हॉल, तर तिथं मावशी झोपणार आहेत, म्हणजे तुझा भाऊ न्यू जर्सीत बसून एका बाईला झोपलेली बघणार, हे त्याला या शब्दांत सांग, तो गप्प बसेल. लावायचाच असेल तर मुख्य दाराकडे तोंड करून एक, आणि मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून, लपवून नाही. कामाच्या ठिकाणी बाईमाणसाच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे ना, त्यात घरकामाला ठेवलेल्या बायका पण धरल्यात, म्हणजे तुमचं घर हे कायद्याने त्यांचं कामाचं ठिकाण आहे. भावाला म्हणावं तुला बघायचंच असेल तर रोज आपल्या संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉल कर, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजलेले असतात, बाबांचा चहा झालेला असतो, आणि तेव्हा वही वाचून दाखवायला सांग बाबांना.

सोनं-पैसे-कागद शनिवारीच लॉकरला किंवा तुझ्याकडे. मावशी आल्यानंतर कपाटं कुलपात टाकायला लागलीस तर ते तोंडावर बोलल्यासारखं होतं, आधीच झालेलं असलं की तो विषयच नाही, आणि पुढे आईचा चष्मा जरी हरवला तरी संशय कुणावर जात नाही (आमच्याकडे कानातलं हरवलं होतं, गव्हाच्या डब्यात सापडलं, मधले दोन दिवस घरात जे वातावरण होतं ते मला आठवायचं पण नाही). घरखर्चाला थोडे सुटे पैसे एका डबीत, हिशोब त्याच वहीत मागच्या पानावर. ब्युरोकडून आधारची कॉपी आणि फोटो घे, ब्युरोने आधी मावशी दिलेल्या एकदोन घरांशी बोल, पोलीस स्टेशनला माहिती देऊन ठेव. मावशींच्या घरच्या कुणाचा तरी नंबर पण घे, त्यांना काही झालं तर तू कुणाला कळवणार?

सोमवारी अर्धा दिवस रजा मिळत असेल तर घे, पण दुपारनंतर निघ तिथून. तू समोर असेपर्यंत बाबा तुलाच हाक मारणार आणि मावशी नुसत्या उभ्या राहणार. रात्री आईचा फोन येईल की ही चांगली नाही, दुसरी बघ. चार दिवस बघू म्हण. बाबांना मारलं, उपाशी ठेवलं, दारू प्यायली असलं काही असेल तर त्याच मिनिटाला बदल, पण भाजी जाड चिरते, फोनवर मोठ्याने बोलते एवढ्यावर नाही.

आणि हो, राहिलंच की. बाबा पडले तेव्हा बाथरूमची कडी आतून लावलेली होती का, ते तू लिहिलं नाहीस. असेल नसेल, सुतार दांड्यासाठी येईल तेव्हा ती आतली कडी काढूनच टाक आणि बाहेरून उघडणारं लॅच बसवून घे. बाबा कुरकुरतील. दारावर आतून एक छोटा पडदा लाव म्हणजे त्यांना आडोसा राहील.